तिसरं पाणी

सत्यनारायण रावांच्या पोटावर पहिले दोन फोड दिसले ते मंगळवारी सकाळी, आंघोळीच्या वेळी. एक बेंबीच्या डावीकडं, दुसरा त्याच्या जरा वर. मुगाच्या दाण्याएवढे, आत पाणी भरलेलं. रावांनी ते नीट पाहिले, वरून एक तांब्या ओतला आणि ठरवून टाकलं की हे घामोळं आहे. तंजावूरचा मे महिना, त्यात अग्निनक्षत्राचे, म्हणजे ऐन उन्हाळ्याचे, शेवटचे दिवस. घामोळं कुणाला होत नाही? घामोळ्यात असं पाणी भरत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण एखादी गोष्ट ठाऊक असणं सोयीचं नसलं की ती विसरता येते, आणि त्या दिवशी रावांनी ती चांगली झटकन विसरून दाखवली.

कारण होतं एकतीस तारखेचं. पुढच्या बुधवारी राव निवृत्त होणार होते. चौतीस वर्षं एकाच सरकारी कचेरीत काढलेली, आणि त्यातली शेवटची वीस हजेरीपुस्तक सांभाळण्यात. दहा वाजून दहा मिनिटांनी ते पुस्तक ओढून घेत आणि ज्याची सही नसेल त्याच्या नावापुढच्या चौकटीत लाल शाईनं खूण करत. पाऊस असो, बस चुकलेली असो, सासरा वारलेला असो, खूण व्हायचीच. लोक मागून त्यांना बरंच काही म्हणत असत. पण त्यांच्या स्वतःच्या नावापुढं आजारपणाची एकही रजा नव्हती, त्यामुळं तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. एकतीस तारखेला शेवटची सही करायची, मग शाल, हार, दोन भाषणं आणि कचेरीच्या जीपमधून घरी. एवढंच त्यांना हवं होतं. मागणं मोठं नव्हतं, पण त्यात एका दिवसाची तूट त्यांना चालणार नव्हती.

तर मंगळवारी ते कचेरीत गेले. बुधवारी फोड सात झाले, अंगात कणकण आली, तेव्हा बनियनच्या आत दुसरं बनियन घालून गेले. दोन्ही दिवशी दुपारी शेजारच्या टेबलावरचा कार्तिक नेहमीसारखा खुर्ची सरकवून आला. हा तमिळ मुलगा तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेला. पहिल्याच आठवड्यात रावांनी त्याच्या नावापुढं लाल खूण केली होती आणि दुसऱ्या आठवड्यात त्याला आपल्या डब्यातली भाजी दिली होती. तेव्हापासून दोघं एका डब्यात जेवत. रावांच्या बायकोच्या हातची डाळ-वांगी त्याला फार आवडायची. बुधवारी तर एकाच चमच्यानं दोघांनी दहीभात संपवला. आठ जूनला कार्तिकचं लग्न होतं, आणि जेवताना तो त्याविषयीच बोलत होता.

गुरुवारी फोड चेहऱ्यावर आले. चेहऱ्यावर दुसरं बनियन घालता येत नाही.

चंद्रमतीबाईंनी नवऱ्याकडं एकदाच पाहिलं. आरडाओरडा नाही, काही नाही. हात धुतले, कोपऱ्यावरच्या कडुलिंबाच्या दोन डहाळ्या मोडून आणल्या आणि दाराच्या चौकटीत खोचल्या. आता गल्लीला कळलं की या घरात अम्मा आली आहे. राजवाड्यामागच्या त्या गल्लीत निम्मी घरं मराठी, निम्मी तमिळ. पण या बाबतीत सगळ्यांचं शास्त्र एक. आजाराचं नाव घ्यायचं नाही. देवी पाहुणी आली आहे, ती आपल्या मर्जीनं राहील आणि मर्जीनं जाईल. तोवर घरात फोडणी नाही, तळण नाही, केस विंचरणं नाही. पाहुण्यानं यायचं नाही आणि घरातल्यानं बाहेर पाऊल टाकायचं नाही. मग पाचव्या, सातव्या आणि नवव्या दिवशी कडुलिंब-हळदीचं पाणी उन्हात तापवून अंगावर घ्यायचं. तिसरं पाणी पडलं की माणूस मोकळा, त्याच्या आत नाही.

‘‘केव्हां आली?’’ चंद्रमतीबाईंनी विचारलं.

‘‘आज सकाळींच,’’ राव म्हणाले.

संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टर वासुकी येऊन गेल्या. चंद्रमतीबाईंचा डॉक्टरांना विरोध नव्हता. कडुलिंब आपलं काम करील, गोळ्या आपलं, असा त्यांचा रोखठोक हिशेब. कांजिण्याच आहेत, सात-आठ दिवसांत खपल्या धरतील, खाजवू नका, एवढं सांगून वासुकीबाईंनी पिशवी आवरली. मग दाराशी थांबून त्यांनी विचारलं, ‘‘गेल्या दोन-तीन दिवसांत कुणी जवळ बसलं होतं का? एकत्र जेवलं होतं? ज्याला आधी होऊन गेल्या नसतील त्यानं पाच दिवसांच्या आत इंजेक्शन घेतलं तर बहुतेक वाचतो. मोठ्या माणसाला उगीच त्रास नको.’’

चंद्रमतीबाईंना लहानपणीच अम्मा येऊन गेली होती. मुलगी वाणी बंगळूरला. रावांच्या डोळ्यांपुढं कार्तिक आला, चमचा आला, आठ जून आला. त्यांच्या तोंडून निघालं, ‘‘नाही. मी एकटाच जेवतो.’’

ते असं का बोलले? वाईट माणूस म्हणून नव्हे. वीस वर्षं लोकांच्या नावापुढं लाल खुणा करणारा माणूस अंगावर फोड घेऊन कचेरीत बसला होता, हे त्यांना एकतीस तारखेच्या आत कुणाला कळू द्यायचं नव्हतं. भाषणं होऊन जाऊ देत, मग काय व्हायचं ते होवो. शिवाय कार्तिकला लहानपणी होऊनही गेल्या असतील, असं ते स्वतःला सांगत राहिले. विचारायला फोन हाताशी होता. त्यांनी विचारलं नाही.

शुक्रवारपासून राव पुढच्या खोलीत धुवट वेष्टीवर, म्हणजे पांढऱ्या धोतरावर, पडून राहिले. डोक्याशी कडुलिंबाचा पाला, हाताशी एक डहाळी. खाज सुटली की नखानं नव्हे, त्या डहाळीनं हळूच कुरवाळायचं. आणि गंमत अशी की अंग आगीनं भरलेलं असूनही त्यांना तिथं बरं वाटायला लागलं. ज्या घरात माणूस साठ वर्षं राहिला ते घर सकाळी अकराला कसं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. लाल सिमेंटची जमीन अकरा वाजताही गार असते. सव्वाअकराला मोगरेवाली येते आणि समोरच्या घरातल्या कनकलता मामी तिच्याशी न चुकता भांडून शेवटी तीच माळ घेतात. बाराला गल्ली चिडीचूप होते, एक खार तेवढी खिडकीच्या गजावरून जाऊन परत येते. दुपारी ताडगोळेवाला नुंगु, नुंगु म्हणत येतो, आणि चार वाजता नदीकडून असा काही वारा सुटतो की पडद्याचं पोट फुगतं.

खाणं म्हणाल तर ताकातला शिळा भात, शहाळ्याचं पाणी, सोललेले ताडगोळे. वाळा घातलेलं माठातलं पाणी. चंद्रमतीबाई ताडगोळ्याचं साल काढून तो पांढरा, थलथलीत गोळा त्यांच्या तळहातावर ठेवत, आणि राव तो अख्खा तोंडात टाकून डोळे मिटून बसत. ‘‘रोज हें असतें काय?’’ त्यांनी एकदा विचारलं.

‘‘रोज असतें,’’ चंद्रमतीबाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही नसतां.’’

निवृत्तीनंतर दिवसभर करायचं काय, ही धास्ती गेलं वर्षभर त्यांच्या पोटात होती. ती एवढ्यातच बरीच विरघळली. फक्त ताडगोळा गिळला की मागोमाग कार्तिक आठवायचा, एवढं एक सोडून सगळं छान होतं.

शनिवारी सकाळी चंद्रमतीबाईंनी तारखांच्या कॅलेंडरपाशी उभं राहून बोटांवर दिवस मोजले. ‘‘गुरुवार पहिला. म्हणजे सोमवारीं पहिलं पाणी, बुधवारीं दुसरं, शुक्रवारीं तिसरं.’’

राव उठून बसले. हा हिशेब त्यांनी केलाच नव्हता. पुस्तकात दुसऱ्यांचे दिवस मोजण्यात आयुष्य गेलं, आणि स्वतःचे मोजायचे राहून गेले. ‘‘बुधवारीं दुसरंच?’’

‘‘दुसरंच.’’

‘‘दोन पाण्यांवर जातां येत नाहीं?’’

‘‘अम्मेला अर्ध्यावर घालवतां? सुम्मा पडा तुम्ही.’’

राव सुम्मा, म्हणजे गुमान, पडले. पाच मिनिटं पडले असतील. छताकडं पाहत त्यांनी सगळ्या बाजूंनी विचार केला. डॉक्टरांची चिठ्ठी चालणार नव्हती, मुलीची रदबदली चालणार नव्हती. या घरात पाण्याचा दिवस बदलायला एकच गोष्ट पुरेशी होती, आणि ती त्यांच्याजवळ होती.

‘‘चंद्रा,’’ ते म्हणाले, ‘‘गुरुवारीं नाहीं आली ती. मंगळवारीं आली. मी पाहिलों होतों.’’

चंद्रमतीबाई वळल्या. त्या आधी नवऱ्यावर चिडल्या नाहीत. त्यांचा जीव दुसरीकडंच गेला. ‘‘मंगळवारीं मी वडे तळलें,’’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘‘बुधवारीं दोनदां फोडणी केलें. अम्मा घरांत बसली होती आणि मी मोहरी तडतडवत होतें.’’ दाराकडं तोंड करून त्यांनी दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि पुन्नैनल्लूरच्या देवळात जाऊन कांजी, म्हणजे पेज, वाटीन असा नवस तिथल्या तिथं बोलून टाकला. मग त्या रावांसमोर येऊन बसल्या. देवीचं झालं होतं, आता माणसाची पाळी होती.

‘‘मंगळवारीं तुम्ही ऑफिसाला गेलां.’’

‘‘गेलों.’’

‘‘बुधवारींही.’’

‘‘हो.’’

‘‘डबा दोघांचा भरून देतें मी.’’ त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच रावांना सोसवेना. ‘‘वासुकी विचारत होती तेव्हां मी इथंच उभी होतें. एकटाच जेवतों म्हणून सांगितलां तुम्ही.’’

खरं म्हणजे रावांनी मंगळवार सांगितला तो कार्तिकसाठी नव्हताच. एकतीस तारखेची आपली सही वाचावी म्हणून सांगितला होता. हे त्यांना कळत होतं, चंद्रमतीबाईंनाही कळलं होतं, आणि दोघांना कळलं आहे हेही दोघांना कळत होतं. चंद्रमतीबाईंनी फोन उचलून त्यांच्या हातात दिला. ‘‘पाच दिवस म्हणाली होती. मंगळवारपासून आज पांचवा. करा.’’

कार्तिकचं आणि त्यांचं बोलणं तमिळमध्ये चालायचं. रावांनी इकडचं तिकडचं न करता सांगितलं. मंगळवारी फोड आले होते, मी लपवलं, तुला लहानपणी होऊन गेल्यात का?

‘‘नाही, सार,’’ कार्तिक म्हणाला. ‘‘मला नाही झाल्या.’’ मग त्याला लग्न आठवलं. ‘‘आठ तारीख, सार.’’

‘‘म्हणूनच सांगतोय. आत्ता वासुकी डॉक्टरांकडं जा. आत्ता, जेवायला थांबू नकोस.’’

तो गेला. दुपारी बारापर्यंत त्यानं इंजेक्शन घेतलं. डॉक्टर वासुकींनी फोन करून चंद्रमतीबाईंना एवढंच सांगितलं, की गुरुवारी कळलं असतं तर अधिक बरं होतं, पण अजूनही उपयोग होईल. आणि राव ऐकत आहेत हे ठाऊक असल्यासारखं, शाळेतलं मूलसुद्धा जे सांगतं ते साठ वर्षांच्या माणसानं सांगायला नको होतं का, असंही म्हणाल्या. राव ऐकतच होते. त्यांना लाज वाटली, अगदी कानापर्यंत. पण त्या दुपारी ताडगोळा घशाखाली नीट उतरला, हेही खरं.

त्याच दिवशी पहिलं पाणी पडलं. सोमवारी दुसरं. गच्चीवर पितळी घंगाळात पाणी, त्यात कडुलिंबाचा पाला आणि हळद. उन्हाचं काम ऊन करी. खपल्या धरू लागल्या, खाज निवली. संध्याकाळी राव दारामागं खुर्ची टाकून बसत आणि गल्लीतल्या पोरांचा कॅरम लांबून पाहत. कोण सोंगटी ढकलतो हे त्यांना दारातूनही दिसायचं, आणि ते दिसलं की ते लगेच ओरडून सांगायचे. सवय ती सवय. मंगळवारी कचेरीतून साहेबांचा फोन आला. कार्तिकनं तिथं काय सांगितलं होतं कोण जाणे, पण साहेब फक्त एवढं म्हणाले, की डॉक्टर हो म्हणाले असतील तर या, चार वाजता कार्यक्रम ठेवला आहे, हार सांगितला आहे. डॉक्टर हो म्हणाल्या होत्या. खपल्या सुकल्या होत्या, आता कुणाला बाधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बुधवारी चंद्रमतीबाईंनी सहालाच घंगाळ गच्चीवर ठेवलं. तंजावूरच्या उन्हाला साडेआठ पुरेसे असतात. तिसरं पाणी पडलं, दारावरच्या डहाळ्या उतरल्या, आणि सात दिवसांनी घरात मोहरी तडतडली. रावांनी पांढरा शर्ट घातला. आरशात त्यांना स्वतःचा चेहरा ओळखीचा वाटेना, इतके डाग होते. पण भांग नीट पडला होता आणि खिशाला पेन होतं. नऊ वाजले होते. पायात चप्पल सरकवत होते तोच फोन वाजला. कार्तिक होता.

‘‘सार, अभिनंदन. तुम्ही या. मी आज येत नाही, तेवढं सांगायला फोन केला.’’

‘‘का? ताप आला?’’

‘‘नाही, नाही. मी बरा आहे.’’ तो अडखळला. ‘‘आई ऐकत नाही, सार. लग्नापर्यंत तुमच्यासमोर उभंसुद्धा राहायचं नाही म्हणते. डॉक्टरांनी समजावलं, तरी नाही. मुलीकडच्यांनीही काल तेच सांगितलं. म्हणून मी आज रजा टाकतो. तुमचा दिवस आहे, तुम्ही या.’’

कार्तिकच्या रजा किती शिल्लक आहेत हे कार्तिकपेक्षा रावांना नेमकं ठाऊक होतं. वर्षभर साठवलेल्या बारा. पाच जूनपासून बारा दिवसांचा अर्ज रावांनीच पुढं पाठवला होता: लग्न, कुलदैवत, मग बायकोला घेऊन सासरी चार दिवस. तेरावी रजा नव्हती. आज एक गेली की त्या चारांतला एक गेला, आणि हा मुलगा ते बोलत नव्हता. शनिवारी त्यानं एक कठोर शब्द काढला नव्हता, आणि आज पुन्हा स्वतःचाच दिवस काढून देत होता.

राव चप्पल घालून दारात उभे होते. गल्लीच्या टोकाला टाऊन बस वळताना ऐकू येत होती. त्यांना जायचं होतं. एवढं जावंसं त्यांना कुठंच कधी वाटलं नव्हतं. चौतीस वर्षांनी माणसाला एक दिवस मागायचा हक्क नाही का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्यावर त्यांना उत्तरही लगेच सापडलं. ते त्यांना आवडलं नाही.

चंद्रमतीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. फोनवरचं सगळं त्यांना कळलं होतं. पण शनिवारी त्यांनी फोन हातात दिला होता, आज त्या दारातच थांबल्या.

‘‘कार्तिक,’’ राव म्हणाले, ‘‘तू कचेरीत जा. मी येत नाही.’’

‘‘सार, हार सांगितलाय.’’

‘‘साहेबांच्या गळ्यात घाला.’’

‘‘सार, असं नका करू. तुमची शेवटची सही...’’

‘‘दहा वाजून दहा मिनिटांनी पुस्तक ओढून घे. कुणासाठी थांबायचं नाही. माझ्यासाठीही नाही.’’

कार्तिक अगदी हळू म्हणाला, ‘‘तुमच्या नावापुढं काय लिहू?’’

‘‘रजा लिही. आजारपणाची.’’ रावांनी पायातली चप्पल काढून ठेवली. ‘‘लाल शाईनं. आणि गेल्या मंगळवारी, बुधवारी माझ्या सह्या आहेत. त्यांच्यावरही रेघ ओढ.’’

‘‘त्या कशा खोडू, सार? त्या दिवशी तुम्ही आला होतात.’’

‘‘आलो होतो,’’ सत्यनारायण राव म्हणाले. ‘‘यायला नको होतं.’’